दर अकरा महिन्यांनी, दुपट्ट्याखाली

काशीरामभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी मोटारपंपाच्या भावावरून भांडत होतो. फोन ठेवला आणि तो म्हणेल त्या भावात पंप देऊन टाकला. भाऊंनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, "तुही तब्येत बरी हाय ना बे?"

भाऊ माझ्या गाळ्याचे मालक. मी डोणगावहून मलकापूरला आलो तो पाना-पेचकस घेऊन पंप दुरुस्त करणारा म्हणून. अनोळखी पोराला गाळा कोण देणार? भाऊ कापसाचे दलाल. त्यांनी काही विचारलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटं धरली. जुन्या बाजारात सौदा असाच व्हायचा. कोणतं बोट धरलं त्यावरून आकडा कळायचा, बघणाऱ्याला मात्र पत्ता लागायचा नाही. मीही गुरांच्या बाजारात वाढलेला. एकमेकांकडे न बघता आम्ही बराच वेळ बोटं दाबत बसलो. शेवटी ते म्हणाले, "पोट्टं हटत नाही."

भाडं ठरलं की करार मोठ्याने वाचायचा, हा त्यांचा नेम. नोंदणीची कटकट नको म्हणून आमच्याकडे गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा करतात आणि बहुतेक लोक न वाचता सही ठोकतात. भाऊ प्रत्येक कलमाला थांबायचे. "हे कोनाच्या कामाचं?" छत गळलं तर खर्च मालकाचा, हे माझ्या कामाचं. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, हे त्यांच्या. मी स्वखर्चाने बांधलेला माळा दुकान सोडताना कोणाचा, यावर तर चहाचे कप थंड झाले. उत्तर सापडेपर्यंत पेन उघडायचं नाही. करार वाचायला मी तिथे शिकलो.

पण एक गोष्ट मी विसरलेलो नाही. एका पंप कंपनीची एजन्सी मला मिळत होती. अट एकच, गाळ्याचा पाच वर्षांचा नोंदणी केलेला करार दाखवा. मी भाऊंकडे गेलो.

"अकरा महिने," ते म्हणाले.

"काऊन भाऊ? मी कधी भाडं थकवलं काय?"

"तुह्यावर भरोसा हाय. पाच वर्सांवर नाही."

एजन्सी समोरच्या रांगेतल्या दुकानाला गेली. तिची पाटी मला रोज दिसते. तो राग अजून आहे आणि माणूस गेला म्हणून तो सोडून द्यावा, असं मला वाटत नाही. कधी वाटतं, दलाली सुटल्यावर त्यांच्या दुपट्ट्याखाली हात घालणारा मी एकटाच उरलो होतो, म्हणून त्यांना दर अकरा महिन्यांनी मी तिथे बसलेला हवा असेन... पण त्यासाठी माझी एजन्सी?

तेरवीनंतर त्यांचा मुलगा अविनाश बुलढाण्याहून गाळ्यावर आला. तिथे कॉलेजात शिकवतो. कराराची मुदत संपत आली होती आणि त्याने गाळा काढून घेतला, तर या वयात मी नवी जागा कुठे शोधणार होतो? त्याने वकिलाचा मसुदा पुढे ठेवला. पाच वर्षं, नोंदणीसकट.

"काका, मले सारखं यायले जमत नाही. सही करून टाका."

ज्याच्यासाठी इतकी वर्षं राग धरला, ते टेबलावर पडलं होतं. मी म्हटलं, "वाच."

तो वाचू लागला. भाडेकरूने पाच वर्षं गाळा सोडायचा नाही, मालकाने मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर तो परत घ्यायचा, तिथे मी त्याला थांबवलं.

"हे कोनाच्या कामाचं?"

त्याने ते कलम पुन्हा वाचलं. मग हसला. "बाबा असंच इचारत होते ना?"

"हाव."

त्याने तिथेच कलम खोडलं आणि पाच वर्षं दोघांनाही बंधनकारक केली. मग भाड्याचा आकडा गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने बोलणार, इतक्यात मी माझा दुपट्टा त्याच्या हातावर टाकला. त्याला बोटांतलं काही येत नव्हतं. मी शिकवलं. समोरच्याला भाव करायला शिकवून मग त्याच्याशीच भाव करायचा, असा आतबट्ट्याचा धंदा मी आयुष्यात केला नव्हता.

पोरगं लवकर शिकलं. मी एक बोट धरलं, तर त्याने ते अलगद सोडवलं, म्हणजे आकडा नामंजूर, आणि रस्त्याकडे बघत बसलं... थेट भाऊंसारखं. मीही रस्त्याकडे बघत बसलो. आता पुढचा सौदा पाच वर्षांनी. मला घाई नव्हती.