आज ताईले चकवलं

मंडळी, ऐका.

आज अकोल्यात बास्केटबॉलचा सामना होता. मी अमरावतीकडून, अन् समोर माझी सख्खी ताई, लग्नानंतर अकोल्याची झालेली. मले खेळ तिनंच शिकवला. कोणाले हूल द्यायची असली, नाहीतर खोटं बोलायचं असलं, की माझी जीभ आपोआप दातांत येते, हे फक्त तिले माहीत.

शेवटचे काही सेकंद, आमी एका गुणानं मागं. मी मुद्दाम जीभ दातांत धरली. हूल समजून ताई जागची हलली नाही. मी सरळ तिच्या बाजूनं घुसली, बास्केट केली, अन् गुडघ्यावर आपटली.

जिंकलो. ताईनं हात देऊन उठवलं.

"लागलं का वं?"

"नाही."

"जीभ आत घे आधी."

तुमाले कोण असं पकडते?