ओन्नीची दोन इंच जागा

आमच्या मिशिगनच्या उत्तर टोकाला हिवाळा सहा महिने ठिय्या मारून बसतो. वाऱ्याची फट दिसली की इथली माणसं तिच्यात जुनं बनियनसुद्धा कोंबतात. माझा थोरला भाऊ ओन्नी मात्र आयुष्यभर एका फटीची राखण करत आला. शेगडीचा पाइप छपरातून बाहेर पडतो तिथे पाइप आणि लाकूड यांच्यामध्ये चारी बाजूंनी दोन इंच जागा सोडायची. तिच्यात काही म्हणजे काही भरायचं नाही.

त्याला कारण होतं. बाविसाव्या वर्षी त्याने वडिलांच्या कोठारात शेगडी बसवली होती. आई म्हणाली, "वरून वारा येतोय रे," म्हणून त्याने त्या जागेत जुना लोकरी कोट कोंबला. चार हिवाळे काही झालं नाही. कोटाने गरमी धरून ठेवली आणि आतल्या आत वासा भाजत राहिला, खालून कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. पाचव्या हिवाळ्यात छप्पर पेटलं. मधला भाऊ विल्हो शेगडीपाशी डुलकी घेत होता. त्याला बाहेर आणलं ते झाकूनच.

ओन्नीने कानाला खडा लावला आणि गावच्या शेगड्या बसवायचं काम अंगावर घेतलं. पहिला जाळ घातला की तो उलट्या बादलीवर तीन तास बसायचा. कॉफी, वेलचीचा पाव, आणि दर अर्ध्या तासाने शिडी चढून वासा तापलाय का ते बघायला त्याला उलटा हात लावणं. लोक हसायचे. पण ज्याचं तोंड दुधाने पोळलंय तो ताकही फुंकून पिणारच.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या लाकडी खांबांवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेगडी बसवायला तो आला तेव्हा शहात्तर वर्षांचा होता. माझा नवरा क्लिफर्ड तिथे दिवसभर बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करतो आणि जेवण झालं की तिथेच खुर्चीत घोरतो. त्याच्यासाठीच तर शेगडी हवी होती.

"पाइपचं मुरडलेलं टोक खाली," ओन्नी शिडीवरून ओरडला. "उलटं बसवलंस तर धुराचं डांबर तुझ्या टकलावर गळेल."

"गळू दे म्हातारबा, केस तरी उगवतील," क्लिफर्ड खालून म्हणाला.

"विल्हो, तुझी जीभ फार चालते हां," ओन्नी म्हणाला.

चुकून तोंडात आलं असेल, असं समजून आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

जाळ घातल्याला तास होत आला तेव्हा क्लिफर्ड लाकडं आणायला गेला, मी कॉफी आणि पाव आणायला घरात. परत आले तर ओन्नी शिडीवरून उतरत होता. गळा उघडा.

"मफलर कुठाय तुझा?"

"असेल गाडीत." त्याने घड्याळ पाहिलं. "झालं. निघतो मी."

"तासच तर झालाय! अजून दोन तास बसायचंस ना?"

"झालं म्हटलं ना, साइमा." पावाला हातही न लावता तो गेला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

तीन आठवड्यांनी दुपारी शेडमध्ये गेले तर करपलेल्या साखरेसारखा वास. क्लिफर्ड खुर्चीत घोरत होता. मी शिडी चढून वाशाला उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला. क्लिफर्डला गदागदा हलवून उठवलं. निखारे बादलीत भरून बर्फात ओतले. पाइप निवल्यावर त्याने वरचं पत्र्याचं झाकण काढलं. त्या दोन इंचांत मी विणलेला राखाडी मफलर नीट गोल गुंडाळून कोंबलेला होता. त्याच्यामागे वाशाची कड काळी पडली होती.

क्लिफर्ड नुसता खुर्चीकडे बघत राहिला.

मी क्लिफर्डला घेऊन तशीच ओन्नीकडे गेले. तो स्वयंपाकघरात खिडकीशी बसला होता. मफलर त्याच्यापुढे टेबलावर ठेवला.

"हे काय केलंस तू?"

"आई ओरडत होती ना," तो शांतपणे म्हणाला. "वरून वारा येतोय म्हणून."

आईला जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. मला रडू आवरेना, पण रडायला वेळ कुठे होता? प्रत्येक शेगडीमागे तो गाडीच्या दाराला आतून खडूची रेघ ओढायचा. मी जाऊन पाहिलं. या हंगामाच्या सहा रेघा होत्या, आमची धरून.

"ओन्नी, बाकीच्या पाच कुठे बसवल्यास? नावं सांग."

त्याने चार नावं सांगितली, अगदी पत्त्यासकट. मी एकेक लिहून घेतलं. क्लिफर्डने तिथल्या तिथे चौघांना फोन करून जाळ विझवायला लावला.

"अजून एक राहिली. आठव ना रे."

त्याने वासा तपासावा तसा उलटा हात टेबलाला लावून पाहिला. मग चेहरा उजळला.

"विल्होची! तो तिथेच झोपतो ना. त्याला थंडी वाजायला नको."

"विल्हो गेला, ओन्नी. कोणाकडची ती? कोणाच्या घरी?"

"विल्होची," तो पुन्हा म्हणाला आणि हसला.

मी खिडकीबाहेर पाहिलं. दिवस मावळत आला होता, थंडी वाढत होती, आणि खोऱ्यातल्या घराघरांतून लोक आता शेगडीत रात्रीची मोठी लाकडं भरत असणार.