मोहिते सरांचा ‘मे’

मोहिते सर कुठल्याही दारात थांबायचे. वर्ग असो, न्हाव्याचं दुकान असो, नाहीतर स्वतःचं घर, उंबऱ्याबाहेर दोन्ही पाय जुळवून विचारायचे, "मे आय कम इन?" उत्तर येईपर्यंत हलायचे नाहीत. शाळेतले बाकीचे शिक्षक म्हणायचे, मोहित्यांना एसटीत शेवटी चढू देऊ नका, गाडी सुटेल. घरी काकू आतूनच ओरडायच्या, "या हो, या! घर तुमचाच हाय!" मग सर समाधानाने चपला काढायचे.

आठवीत ते आम्हाला इंग्रजी शिकवायला आले. पहिल्याच तासाला दारात उभे. मास्तरच आपल्याला विचारतायत म्हणून आम्ही तोंडावर हात ठेवून फिदीफिदी हसलो, उत्तर कुणीच दिलं नाही. दहा मिनिटं गेली. फेरीवर निघालेल्या हेडमास्तरांनी विचारलं, "आत का जात नाही?"

"मुलांनी अजून सांगितलं नाही," सर म्हणाले.

मग आम्ही "येस सर, प्लीज" असं काही किंचाळलो की शेजारच्या वर्गातल्या बाई बाहेर धावत आल्या.

त्यांचं व्याकरण हापूसच्या बागेतून यायचं. "कॅन म्हणजे कलमावर चढायची तुझ्या अंगात ताकद आहे. मे म्हणजे बागवाला चढ म्हणालाय. आणि मस्ट म्हणजे त्याचा कुत्रा सुटलाय." हे मी आजही वर्गात सांगते आणि स्वतःचं म्हणून खपवते.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही तर मोठे. मग तुम्ही कशाला विचारता?"

सर बौद्धवाडीतले. म्हणाले, "माझे वडील तुमच्याच आळीत लाकडं फोडायला यायचे. दिवसभर अंगणात. त्यांना आत या असं कुणी म्हटलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. मी विचारतो. विचारलं की समोरच्याला उत्तर शोधावं लागतं." एवढं बोलून ते पुढच्या धड्याकडे वळले.

बारावी झाले आणि बाबांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं. बोटीवरच्या एका मुलाचं स्थळ आलं होतं. मला मात्र शिक्षिका व्हायचं होतं. देवरूखच्या कॉलेजचा फॉर्म भरायला दोनच दिवस उरले होते. भर दुपारी सर आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. बाबा पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"मे आय कम इन?"

"काय ता हितंच बोला, मास्तर," बाबा म्हणाले.

सर हलले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण काय विचारलं जातंय ते पुरतं कळलं होतं. सरांच्या वाडीतलं कुणी आमची पायरी चढलेलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की कणकेचे हात तसेच घेऊन मी दारात आले आणि म्हणाले, "येस सर, प्लीज."

सर चपला काढून वर आले आणि खुर्चीवर बसले. बाबांचा अडकित्ता थांबला. तासाभराने सर गेले ते फॉर्मवर बाबांची सही घेऊनच. संध्याकाळपर्यंत बाबा धुमसत होते. "मास्तरान इचारलान कुणाला? तुला का मला?"

मी शिक्षिका झाले, हातखंब्याजवळच्या शाळेत लागले. सर दर उन्हाळ्यात फणस घेऊन यायचे, अंगणातून विचारायचे, आणि मी किंवा आई "येस, प्लीज" म्हणायचो. बाबा, म्हणजे साऱ्या गावाचे भाऊ, पेपरात तोंड खुपसून बसायचे. सर माझ्या कानाशी म्हणायचे, "भाऊंचा पेपर अजून कोराच आहे. असू दे, मी वेळ वाढवून दिलाय." हसायचे, पण त्यांना ते लागत होतं. मला दिसायचं.

सर गेल्या महिन्यात गेले. त्याच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या खाटेशी बसले होते. बोलणं फार होत नव्हतं. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मग काठीचा. खिडकीतून पाहिलं तर बाबा. आम्हाला कुणालाच न सांगता आले होते. पायरीपाशी आले, चपला काढल्या आणि तिथेच थांबले. काकू "या, या" म्हणत उठल्या तरी ते जागचे हलेनात. घसा खाकरून, एकेक शब्द चाचपत म्हणाले,

"मास्तर... मे आय... कम इन?"

सरांनी डोळे उघडले. मी बाबांना आणायला उठले, तर सरांनी माझं मनगट धरलं. त्या सुकलेल्या चेहऱ्यावर आठवीच्या वर्गातला मिश्कीलपणा उतरला होता.

"थांब गो," ते पुटपुटले. "जरा उभा राहू दे त्याला."

बाबा उन्हात उभे होते, हातात काठी, नजर दारावर. काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की रडू, ते मला कळलं नाही. मग सरांनी उशीवरून मान उचलली आणि होता नव्हता तेवढा आवाज एकवटून म्हणाले,

"येस, भाऊ. प्लीज."