पाव्हण्याला नळदुर्ग दाखवायचंय

आज एका माणसाचं वर्षश्राद्ध आहे आणि मला त्या माणसाचं नाव माहीत नाही.

बाई होती की पुरुष, कुठल्या गावचं, मागं कोण कोण आहे, काहीच माहीत नाही. दवाखाना सांगत नाही. नियम आहे.

एवढंच माहीत आहे की मागच्या वर्षी आजच्या तारखेला कुठल्या तरी घरानं रडत रडत ‘हो’ म्हटलं आणि आमच्या तनूला किडनी मिळाली.

तनू माझी मुलगी. नऊ वर्षांची. आम्ही बेंबळीचे.

त्याआधी डायलिसिससाठी सोलापूरच्या चकरा मारून आमचे जोडे झिजले होते. किडनी बंद, म्हणून पाणी वाटीनं मोजून. भर उन्हाळ्यात ही पोरगी माठाला गाल लावून बसायची. तिच्यासमोर मी कधी घोटभर पाणी प्यायले नाही.

ऑपरेशननंतर सगळं उलटं झालं. डॉक्टर म्हणाले, आता भरपूर पाणी प्यायचं.

सिस्टरनं ग्लास भरून दिला तर तनू माझ्याकडं बघायला लागली.

“मम्मी, सगळं?”

“सगळं,” म्हटलं आणि बाहेर जाऊन रडून घेतलं.

पण लेकरू ते लेकरू. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत तिला पाण्याचा कंटाळा आला. बाटली घेऊन मी मागं, ती पुढं.

शेवटी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तनूच्या आबांनी, तिला जवळ बसवलं.

“आगं, आपल्या घरला पाव्हणं आलंय. पाव्हण्याला आदी पानी देत्यात का न्हाय?”

झालं. त्या दिवसापासून किडनीचं नाव ‘पाव्हणं’.

पाव्हण्याला पाणी दिलं का, पाव्हणं झोपलं का, हेच दिवसभर. एकदा शेजारच्या काकू चहाचं आधण ठेवून विचारायला आल्या, “कुठं हायत पाव्हणं? किती कप ठिवू?”

मग आजारी मुलांच्या इच्छा पुरवणाऱ्या एका संस्थेच्या ताई पुण्याहून आल्या. दारातच म्हणाल्या, “तनूची विश काय आहे, ते विचारायला आलेय.”

आबांना कमी ऐकू येतं. ते एकदम उठलेच.

“ईष? आत्ता कुठं पोरगी वाचली, अन् ईष कशाला इचारताव?”

ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. विष नाही, इच्छा, हे आबांना समजावण्यात पहिला चहा गार झाला.

गल्लीनं तनूला आधीच पढवून ठेवलं होतं. विमान माग, मुंबई माग. खोटं कशाला बोलू, विमानात मलाही बसायचं होतं.

तनू म्हणाली, “नळदुर्गचा धबधबा.”

मी कपाळाला हात लावला. नळदुर्ग आमच्याच जिल्ह्यात. एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतात लोक.

“तोच का गं?” ताईंनी विचारलं.

“पाव्हणं कुठलं हाय म्हाईत न्हाय. त्यानं आपल्याकडचं कायच बघितलं नसंल.”

ताईंनी वहीत ‘नळदुर्ग’ लिहून घेतलं.

आता नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी हा जोडधबधबा काही नळ नाही, सोडला की सुरू. बोरी नदी भरल्याशिवाय पडत नाही. ताई फोन करून तारीख विचारायच्या. मी म्हणायचे, आभाळाला विचारून सांगते.

आणि श्रावणात तनूचा रिपोर्टच बिघडला.

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं. शरीर किडनी नाकारतंय असं दिसतंय, डॉक्टर म्हणाले. पुन्हा ॲडमिट.

ती पोटावर हात ठेवून विचारायची, “मम्मी, पाव्हणं रुसलं का? जानार हाय का आता?”

इतकी भीती मला ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती.

पण इंजेक्शनं लागू पडली. आकडा हळूहळू उतरला. आम्ही घरी आलो आणि गणपती उठल्यावर बातमी आली, बोरी भरली.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अटी घालून. मास्क काढायचा नाही, पाण्यात हात घालायचा नाही, गर्दीत जायचं नाही. ताईंनी गाडी पाठवली. आबा इस्त्रीचं धोतर नेसून पुढच्या सीटवर बसले, जसं काही मुलगी बघायला निघालेत.

किल्ल्यात बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. आत खिडकीशी उभं राहिलं की बाहेर पाणी कोसळताना दिसतं. तनू बराच वेळ नुसती बघत राहिली. मग पोटाकडं बघून म्हणाली, “त्यो नर, ती मादी. लई पानी हाय आपल्याकडं.”

मराठवाड्याविषयी असं बोलणारी ती पहिलीच असेल.

मग तिनं विचारलं, “आबा, पाव्हणं किती दिस ऱ्हातंय?”

डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय, किडनी वर्षानुवर्षं चालते, पण कायमची म्हणता येत नाही.

आबा तिच्याजवळ खाली बसले.

“जे पानी दिल्यावर पितंय ते पाव्हणं. जे हातानं घिऊन पितंय ते घरचं. आता तू मम्मीनं म्हनायची वाट बघू नको. आपल्या हातानं घी.”

त्या दिवसापासून बाटली घेऊन मागं पळणं बंद झालं. तनू स्वतः उठते, माठातून घेते, पिते. परवाचा रिपोर्ट चांगला आलाय. पुढच्या महिन्यापासून शाळा.

तुमच्या घरी आज तुमच्या फोटोला हार घातला असेल. घरचे रडत असतील. आम्हाला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून इथं लिहितेय.

तुमच्या नावानं आज आमच्या घरीही पान वाढलंय. तनूच वाढतेय. वर्षश्राद्धाला माणसाच्या आवडीचं करतात. तुम्हाला काय आवडायचं, ते माहीत नाही. म्हणून गोड पुरणपोळी पण केलीय आणि तिखट शेंगोळे पण.

आमच्या सगळ्यांचा नमस्कार. सावकाश जेवा.

लाजू नका, घर तुमचंच आहे.