पाव्हण्याचा आवाज

आबांचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटून गेलं होतं. तंबाखूनं घसा खाल्ला होता, म्हणून आवाजाची पेटीच काढली. श्वासासाठी मानेच्या तळाला एक भोक ठेवलं आणि त्यावर पांढरी जाळीची पट्टी. नांदेडच्या डॉक्टरांनी काम चोख केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार भेटायला येणाऱ्यांबद्दल होती. चहा पिऊन झाला की प्रत्येकजण म्हणायचा, "जीव वाचला, हे काय कमी हाय?" मला त्यांना हाताला धरून घराबाहेर काढावंसं वाटायचं. जीव वाचला हे खरं, पण आमच्या आबांकडं जीव आणि आवाज अशा दोन वेगळ्या वस्तू कधी नव्हत्याच.

विष्णुपुरीला कॉलेजच्या रस्त्यावर त्यांचं चहाचं हॉटेल होतं. पोरं चहासाठी कमी आणि आबांच्या गप्पांसाठी जास्त यायची. चहा तसा पाणचटच असायचा. ऑपरेशननंतर हॉटेल बंद पडलं. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं, छोट्या बॅटरीएवढं. ते मानेला टेकवून ओठ हलवले की शब्द उमटतात, पण सगळे एकाच सुरात, रिकाम्या डब्यात माशी अडकल्यासारखे. सराव केला तर माणूस फोनवरही बोलू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. आबांनी ते एकदाच लावलं. "पाणी दे" म्हणाले, तो आवाज ऐकला आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं. मग पाटी-पेन्सिल आली. तीही सुटली. मग हाताच्या खुणा, आणि पुढं खुणाही कमी झाल्या.

मी लातूरला नोकरी करते. शनिवारी अर्धा दिवस भरला की बस धरायची, रविवारी संध्याकाळी परत. दर खेपेला घर आणखी गप्प झालेलं असायचं. आबांनी ते यंत्र हातात घ्यावं, सुरात नाही तर बेसुरात, पण बोलावं, एवढंच मला हवं होतं. देवाकडंसुद्धा मी याच्याहून जास्त काही मागत नव्हते.

तरुणपणी आबा तंबूच्या टॉकीजवर कामाला होते. जत्रा, उरूस, आठवडी बाजार, जिथं माणसं जमतील तिथं तंबू. खुंट्या ठोकायच्या, पडदा ताणायचा, ही त्यांची कामं. मोठा सिनेमा सुरू व्हायच्या आधी, तिकिटं खपेपर्यंत, मालक एक जुनं रीळ लावायचा. त्यात एक गोरा विनोदी नट होता, लांब मानेचा, तोकड्या कोटाचा. शिडीवरून पडायचा, कुत्र्याच्या पुढं पळायचा, बायकांच्या हातचा मार खायचा. रिळाला आवाज नव्हता. लोक ओरडायचे, शिट्ट्या मारायचे. एकदा आबांनी सरळ माइक हातात घेतला आणि त्या गोऱ्याच्या तोंडून बोलायला सुरुवात केली. तेव्हापासून ते त्यांचंच काम झालं.

पण त्या कामाची तयारी तंबूत होत नसे. दुपारी खुंट्या ठोकून झाल्या की आबा गावात हिंडायचे. पारावर बसायचे, न्हाव्याकडं दाढी करायचे, हॉटेलात कान देऊन चहा प्यायचे. कुणाची म्हैस कुणाच्या ज्वारीत शिरली, कोण कुणाशी बोलत नाही, असलं सगळं गोळा करायचं आणि रात्री त्या गोऱ्याच्या तोंडात घालायचं. कंधारला तो मोटारीमागं धावला, मोटार निघून गेली, आणि कोट झटकत म्हणाला, "जाऊ द्या, नांदेडची गाडी हाय, उद्या येते म्हनली." तंबूतले लोक मातीत लोळले म्हणे. मुरुडला एका बाईनं त्याला झाडूनं बडवलं, तर म्हणाला, "अवो सरपंचीनबाई, टाकीत पानी न्हाई त्याला म्या काय करू?" पुढच्या गावाला वेगळी वाक्यं. एकदा बोललेलं आबा दुसऱ्यांदा बोलत नसत, आणि बोलून उपयोगही नव्हता, एका गावची गंमत दुसऱ्या गावाला कळली नसती. लोक त्या गोऱ्याला पाव्हणा म्हणायचे. आमच्या गावची गाडी चुकते हे पाव्हण्याला कसं ठावं, असं म्हाताऱ्या माणसांनी खरोखर विचारलेलं आहे.

हे सगळं मला ऐकूनच माहीत. माझ्या जन्माआधीच तंबू मोडला. हॉटेलात जुने लोक यायचे, त्यांच्या तोंडून ही दोन वाक्यं माझ्यापर्यंत पोचली, बाकीची त्या त्या गावात राहिली. ऑपरेशननंतर मी आबांचा आवाज शोधत बसले होते. फोनमध्ये काही नाही, कारण आबांचं बोलणं फोनमध्ये भरून ठेवावं असं कधी कुणाला सुचलंच नव्हतं, ते समोर बसून बोलणारे. माझ्या लग्नाच्या सीडीत ते पंगतीत वाढताना दिसतात, हात हलवून काहीतरी सांगतात, पंगत हसते. पण फोटोग्राफरनं सगळ्यावर सिनेमाचं गाणं चढवून ठेवलंय. त्या फोटोग्राफरला मी अजून मनातल्या मनात शिव्या देते.

तर एके दिवशी मी लातूरच्या बाजारात, गंजगोलाईकडं, मोबाईलची काच बदलायला गेले होते. त्या दुकानात पूर्वी सीडी भाड्यानं मिळायच्या. मालक रद्दीवाल्यासाठी खोकी रिकामी करत होता, आणि त्या ढिगात मला ती लांब मान दिसली. आबांच्या ट्रंकेत त्याच्या पोस्टरचा एक तुकडा होता, त्यावरून मी ओळखलं. डीव्हीडीच्या मागं इंग्रजीत लिहिलं होतं की बोलपट आल्यावर यानं केलेल्या छोट्या फिल्मा यात आहेत, आवाजासकट. मी तिथंच उभी राहिले. याला स्वतःचा आवाज होता, ही गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती.

"घिऊन जा मॅडम," दुकानदार म्हणाला. "चालंल का न्हाई ते मात्र मला नका इचारू."

शनिवारच्या बसमध्ये ती डीव्हीडी मी पिशवीत न ठेवता मांडीवर धरून बसले. मला फार आनंद झाला होता. पाव्हणा दिसला की आबांचं तोंड उघडणार, हे मला इतकं पक्कं वाटत होतं की कपाटातल्या यंत्राचे सेल संपले असतील म्हणून मी स्टँडवर नवे घेतले.

रविवारी सकाळी माळ्यावरून जुना प्लेअर काढला. वायरी जुळवण्यात तासभर गेला, डिस्क दोनदा अडकली, मी ती ओढणीनं पुसली. आबा पलंगावर बसून भिंतीकडं बघत होते. पडद्यावर तोकडा कोट आला तसे ते पुढं सरकले. वर्षभरात ते कशाकडं पुढं सरकलेले मी पाहिले नव्हते. माय स्वयंपाक सोडून दारात आली. तिनंही पाव्हण्याला कधी पाहिलं नव्हतं, आमच्या घरच्या बायका तंबूत जात नसत.

मग पाव्हण्यानं तोंड उघडलं.

जाड, बसका आवाज, पडसं झालेल्या माणसाचा. बोलण्यातली इंग्रजी आम्हाला कुणाला धड कळत नव्हती, पण थकवा कळायला भाषा लागत नाही. त्याच्या डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत तो हात लोंबकळत उभा राहायचा. पडायचा अजूनही छान, पण पडून झालं की काहीतरी बोलायचा, आणि पडण्यातली सगळी मजा जायची.

"ह्योच का त्यो?" मायनं विचारलं.

आबांनी हात पुढं केला. पाटी मागत होते. मी धावत जाऊन आणली. त्यांनी लिहिलं, 'असा बोलतो हा?' मग ते पुसलं आणि दुसरं लिहिलं, 'म्या उगंच ह्याला तरण्या पोराचा आवाज लावला.'

"आबा, त्याला तुमचाच आवाज शोभत होता," मी म्हणाले. "ह्याच्यापेक्षा लई चांगला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं की मीही आता त्या चहा पिऊन समजूत घालणाऱ्यांतलीच झाले. मी रिमोट उचलून आवाज बंद केला, कपाटातलं यंत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "मग तुम्ही बोला. पहिल्यासारखं."

यंत्र त्यांनी उशीजवळ ठेवलं. पडद्यावर पाव्हणा एका उंच भिंतीवर चढायला बघत होता, हात पोचत नव्हते. आबांनी मूठ ओठांसमोर धरली, माइक धरावा तशी, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. पाणी मागताना हलायचे तसे नव्हेत. भरभर, थांबून, पुन्हा भरभर. मान डोलत होती, भुवया वर जात होत्या, जाळीची पट्टी फुगत होती. त्यातून नुसती हवा येत होती.

"काय म्हनून राहिले गं?" माय कुजबुजली.

"न्हाई कळत, माय."

मी सगळा जीव डोळ्यांत आणून बघत होते. एखादा शब्द तरी लागेल. आमच्या गल्लीचं काही असेल, बंद हॉटेलाचं असेल, माझंही असेल. एक अक्षर लागलं नाही. पाव्हणा भिंतीवरून धपकन खाली आला, त्याच क्षणी आबांचं वाक्य संपलं, आणि ते मूठ तशीच धरून आमच्याकडं वळून थांबले.

ती हशाची जागा होती.

मी हसले. मोठ्यानं हसले. माझ्याकडं बघून मायही हसली. आबा आधी तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. तंबूच्या अंधारात एवढ्या गावांचं हसणं ऐकलेला माणूस, त्याला आमचं हसणं किती वेळ फसवणार? त्यांनी मूठ सोडली. तोच हात पुढं करून माझ्या डोक्यावर ठेवला, राहू दे, तुझा काय दोष, असा.

मग त्यांनी ओठ मिटून घेतले. त्यानंतर ते उघडलेले मी फक्त जेवताना पाहिलेत.