अक्काची सीटामागची बॅग

अक्का जिंतूरला गेली त्या सकाळी एसटीत चढता चढता मला म्हणाली होती, "शांता, बॅगेचा मागचा पट्टा थोडा अजून ओढून ठेव. ढिला हाय." बाकी काही नाही. ती सायकलीची ट्यूब आणायला निघाली होती, दुपारपर्यंत परत येणार होती, त्यामुळे आणखी काही बोलायची गरज दोघींनाही वाटली नाही. घरचं आवरून मी अंगणात सायकलीजवळ बसले आणि तिनं शिकवलं होतं तसा गुडघा सीटाला टेकवून पट्टा ओढायला लागले. तेवढ्यात आमचे हे आतून आले. हातात फोन होता, चालूच. म्हणाले, "सोड ते आता. अक्का गेली. स्टँडवरच पडली म्हनं." मी पट्टा धरून तशीच बसले. अर्धा ओढलेला पट्टा सोडला तर परत ढिला होतो, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं...

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. नवऱ्यानं टाकल्यावर ती तरुणपणीच माहेरी आली आणि आरोग्य खात्यात नर्सबाई म्हणून लागली. गावोगाव लसी टोचत, बाळंतिणी बघत तिनं सारी नोकरी काळ्या लेडीज सायकलीवर काढली. तिच्या पगारावर हे घर उभं राहिलं, दीर-नणंदांची लग्नं झाली, आमची मुलं शिकली. ते सगळं सगळ्यांना चाललं. निवृत्त झाल्यावर मात्र तिनं स्वतःसाठी गिअरची सायकल घेतली आणि परभणीच्या सायकलवाल्यांबरोबर दोन-दोन, तीन-तीन दिवस बाहेर राहायला लागली, तेव्हा घरात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. लोणारला जाऊन आली तेव्हा हे म्हणाले, "या वयात लोकं नातवंडं खेळवतेत." अक्का पाय चोळत म्हणाली, "तुझी खेळवलीत की, गौतम. आता जरा मी खेळते."

गिअरच्या सायकलीला मागं कॅरिअर नसतं. पहिल्या वेळी ती पाठीवर सॅक घेऊन गेली आणि आली ती घामोळ्यांनी भरलेली पाठ घेऊन. मी तेल लावत होते तेव्हा म्हणाली, "सामान सायकलीनं उचलायचं, माणसानं न्हाई." मग तिनं मोबाइलवर दाखवलं, परदेशातले लोक सीटाखाली एक लांबट बॅग बांधतात, मागं निमुळती होत गेलेली, चाकाच्या वर अधांतरी. मला ती बदकासारखी दिसली. आमचा मोठा मुलगा पुण्यात असतो, त्यानं अशी एक ऑनलाइन मागवून दिली, चांगली मोठी. आली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. अक्काला ती भरून बघायची घाई, आणि घरात भरण्यासारखं समोर होतं ते म्हणजे कोपऱ्यातल्या कापसाचा ढीग. आम्ही दोघींनी बॅग कापसानं ठासून भरली. काय सुंदर दिसली! ताठ, गुबगुबीत, चाकापासून चांगली वर. अक्का अंगणात फेरी मारून आली आणि म्हणाली, "हीच. ठरलं." तिच्याच काय, माझ्याही डोक्यात आलं नाही की कापसाला वजन कुठं असतं.

पुढच्या आठवड्यात खरं सामान भरून ती निघाली आणि जिंतूरच्या अलीकडंच बॅग खाली बसली. अक्का ठेंगणी, तिचं सीट खाली, सीट आणि चाक यांच्यात वीतभर जागा. त्या बॅगा उंच माणसांच्या सायकलींसाठी केलेल्या. चाक फिरत राहिलं आणि बॅगेला घासत राहिलं. तिला कळलं तोवर बॅगेला भोक पडून आतली सुती साडी चाकात यायच्या बेतात होती. ती सायकल हातात धरून चालत परत आली. हे दारातच बसलेले होते. "काय अक्का, शेपूट झडलं का?" शेजारचे दोघेतिघे हसले. तेव्हापासून गावात त्या बॅगेचं नाव शेपूट पडलं. अक्का विहारात वंदनेला गेली तरी मागून कुणीतरी म्हणायचं, "शेपूटवाली अक्का आली." ती हसून घ्यायची. मला हसू यायचं नाही, आणि बोलताही यायचं नाही. चौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे सासरी आल्यापासून सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी बॅग तिनं लहान मागवली आणि या खेपेला शहाणपणानं सोयाबीन भरून बघितली. मग माझ्यासाठी एक काम निघालं. मी गावाबाहेरच्या पुलाच्या कठड्यावर बसायचं आणि ती बोरीच्या रस्त्याला लागली की मागून बघायचं. "बसल्यावर मला मागचं दिसत न्हाई. डुलतीय का, चाकाला लागतीय का, तू सांग." ती खड्ड्यातून मुद्दाम जायची, उभी राहून पायडल मारायची. ती बॅग एका बारीक पट्ट्यावर लटकत होती, पायडल मारलं की डावीकडं, मारलं की उजवीकडं. परत आली तेव्हा मी म्हणाले, "डुलायलीय."

"किती?"

"म्हशीच्या शेपटावानी."

अक्का सायकलीवरून उतरून कठड्याला धरून हसली. "गौतमला सांगू नको गं बाई, त्याचंच खरं व्हायचं." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझी नजर बरी हाय. तूच सांग, कशी पायजे?"

चौथीनंतर माझी शाळा सुटली. लग्नात नवरा कसा पाहिजे हे कुणी विचारलं नव्हतं, घराला दार कुठं पाहिजे हेही नाही. अक्का कठड्यावर माझ्याशेजारी बसली, घाई केली नाही. शेवटी मी म्हणाले, "लांब नको. आखूड पायजे, पण घट. अन् जड सामान सीटाच्या दांड्यापाशी घालावं, बाहेरच्या टोकाला हलकं. तुमी उलटं भरताव." ती एसटीच्या पिशवीसारखी भरायची, जे आधी लागतं ते तोंडाशी, मग ते जड का असेना. अक्का म्हणाली, "बरोबर हाय." एवढंच म्हणाली, पण मला ते रात्री भाकऱ्या थापतानाही आठवत होतं.

त्याच हिवाळ्यात ती मला सायकल शिकवायला लागली. तिची जुनी काळी सायकल गोठ्यात पडून होती. दुपारी लोक रानात असले की आम्ही मागच्या पांदणीनं जायचो. मी साडी खोचून बसायचे, ती मागून कॅरिअर धरून पळायची, साठीची बाई. पडले तर म्हणायची, "ऊठ. कुणी बघायलं न्हाई." ही एक गोष्ट तिला बरोबर कळली होती, की मला पडण्याची भीती नव्हती, लोकांनी बघण्याची होती. चालवता यायला लागली तेव्हा एक दिवस ती सहज बोलावं तसं बोलली, "येलदरीला जाऊ. धरणाजवळ माझ्या नोकरीतली मैत्रीण राहती. एक मुक्काम करू अन् येऊ." मी म्हणाले, "हे?" ती म्हणाली, "त्याला मी सांगते. तू फक्त काय काय घ्यायचं ते सांग."

मला सांगता येईना. नवऱ्याची पिशवी, मुलांच्या पेट्या, पाहुण्यांची गाठोडी मी आयुष्यभर भरली. स्वतःचं काय घ्यायचं ते मला ठाऊक नव्हतं. अक्कानंच मग जिंतूरहून माझ्यासाठी सलवार-कमीज आणला, हिरवा, बारीक फुलांचा. साडीनं लांब जाता येणार नाही म्हणून. मी तो कधी अंगाला लावला नाही. काळ्या सायकलीला कॅरिअर होतं, तरी त्यावर काही बांधू द्यायला ती तयार नव्हती. "तू नवी हायेस. वजन असलं की तोल जातो. तुझं मी घेते."

म्हणून तिसरी बॅग. आधीच्या दोन तिनं एकटीच्या सामानाच्या मापानं बघितल्या होत्या, ही दोघींच्या. ही दोन भागांची होती. सीटाला आणि दांड्याला कायमची आवळून ठेवायची पट्ट्यांची खोळ, आणि त्यात सरकवायची वेगळी पिशवी, जिचं तोंड गुंडाळून बंद होतं. मुक्कामाला पोचलं की पिशवी तेवढी काढून आत न्यायची. आखूड, घट. सोयाबीन भरून खड्ड्यातून नेली, मी कठड्यावरून बघितली. ती लांब जाईपर्यंत बघितली आणि परत आल्यावर सांगितलं, "डुलत न्हाई. लागत बी न्हाई." जिंतूरला जायच्या आदल्या संध्याकाळीच अक्कानं ती येलदरीसाठी भरून ठेवली. आत दांड्यापाशी तिचा पाना, पंप आणि पाण्याची बाटली, मग तिचे कपडे, सगळ्यात बाहेर माझा हिरवा ड्रेस. तोंडाला तीन घड्या घालून कडी लावली. यांना येलदरीचं ती जिंतूरहून ट्यूब घेऊन परत आल्यावर सांगणार होती.

...अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, दारात मोठा बॅनर लागला. अक्काचा सायकलीवरचा फोटो, सायकलवाल्यांपैकी कुणीतरी काढलेला. मी जवळ जाऊन बघितला आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सीटामागं नुसतं आभाळ होतं. बॅग पुसून टाकली होती, आणि पुसताना मागच्या चाकाचाही वरचा तुकडा गेला होता. हे कुणाला तरी सांगत होते, "शेपूट काढायला लावलं मीच. फोटोत बरं दिसत न्हाई." मग भाषणं झाली. ज्यांनी तिला शेपूटवाली म्हटलं होतं, त्यांनीच माईक धरला. कुणी म्हणालं ती महिलांची प्रेरणा होती, कुणी म्हणालं आमचा तिला कायम पाठिंबा होता. त्यातल्या एकाचा लेख पुढं पेपरातही आला. त्यात लिहिलं होतं की तिच्या छंदाला घरच्यांनी नेहमी प्रोत्साहन दिलं. मी तो लेख एक एक अक्षर जुळवत दोनदा वाचला. मग कुणाला न दाखवता ही सगळी हकीकत लिहायला बसले.

कार्यक्रमाच्या शेवटी यांनी जाहीर केलं की अक्काची सायकल गावातल्या नववीतल्या पोरीला, बोरीला शाळेत जायला, देत आहोत. ते चांगलंच केलं. अक्कालाही आवडलं असतं. फोटोसाठी सायकल पुढं आणली आणि हे म्हणाले, "बॅग ऱ्हाऊ द्या, बॅगेसगट द्यायची. भारी दिसंल."

मी बायकांत बसले होते. उठले. सायकलीपाशी गेले आणि खोळीच्या कड्या काढायला लागले.

"काय करायलीस?"

"पिशवी माझी हाय."

सगळे बघत होते. माझे हात थांबले नाहीत. कड्या कुठं आहेत ते त्या मांडवात मलाच माहीत होतं.

"अगं, काय हाय त्यात?"

"माझा ड्रेस हाय."

"ड्रेस?" हे हसले. "तुला कशाला ड्रेस? आता या वयात?" मागं दोघेचौघे हसले, अक्काच्या बॅनरखाली, तिच्या पुण्यानुमोदनाला. मी पिशवी ओढून काढली आणि घरात गेले. फोटो नुसत्या खोळीसह निघाला.

बॅनर आता कडब्याच्या गंजीवर घातला आहे. ती पोरगी रोज सकाळी दारावरून शाळेत जाते, रिकाम्या खोळीत डबा ठेवून. अंगण झाडताना मी थांबते आणि ती वळणापर्यंत जाईतो मागून बघते. पट्टा त्या दिवशी अर्धाच ओढला गेला होता, तो मी एकदा तिला थांबवून पूर्ण ओढून दिला. आता डुलत नाही.

पिशवी अक्काच्या खोलीत खुंटीला आहे. मी ती उघडलेली नाही. तोंडाच्या तीन घड्या तिच्या हातच्या आहेत, उघडल्या की परत माझ्या हातच्या होतील. हे येता-जाता म्हणतात, "काढ की तो ड्रेस, पडून ऱ्हाईला." तुला ड्रेस कशाला, असं यांनी चारचौघांत विचारलं. आम्हाला कुठं जायचं होतं, ते अजून कुणी विचारलं नाही.