आळीच्या टोकाचा नळ

गोजरबाईनं परसात चोरून वांगी लावली आहेत आणि म्युनिसिपालटीच्या पाण्यावर पोसून ती देऊळघाटच्या बाजारात विकते, असं आळीभर कुजबुजलं जाई. खोटं. तिच्या परसात चुलीच्या राखेशिवाय काही नव्हतं. पण नळ ती उघडा ठेवी, हे खरं. तसं तिला नळवाल्या रहेमतुल्लानंच सांगितलं होतं.

लढाईचे दिवस. नवं लोखंड मिळेना, म्हणून गंजक्या नळीलाच ठिगळं लावणं चाललेलं. दुरुस्ती झाली की आतला गाळ ढवळे आणि घरोघर कावेसारखं लाल पाणी येई. उतारावर, नळीच्या अगदी शेवटी गोजरबाईचं घर.

"मावशी, नळ खुल्ला ठेव," रहेमतुल्ला म्हणाला. "घाण तुह्या मोरीतून निघून जाईन, मंग वरच्यायले साफ पाणी भेटीन."

चार घरचं धुणं धुणारी विधवा बाई. नळ आल्यापासून तिची विहिरीची चढण सुटली होती. ती हो म्हणाली. दुरुस्तीच्या दिवशी तिचं धुणं बुडे. वरची आळी मात्र चकचकीत लोटे मिरवी.

वरच्या आळीतले वामनराव म्युनिसिपालटीचे मेंबर. एकदा त्यांच्या नळाची धार बारीक झाली, आणि खाली हिचा नळ वाहताना दिसला. सभेत बोलून त्यांनी तो तोडवला. रहेमतुल्ला कारण सांगू लागला, तर राव त्याच्यावर खेकसले, "तुले इचारलं काय बे?" गोजरबाई त्यांच्या ओट्यापर्यंत गेली. राव पूजेला बसले होते. दुपारपर्यंत ते काही देवापुढून उठले नाहीत.

पुन्हा घागर, पुन्हा चढण. शेजारची मनकर्णाबाई हसून विचारी, "काहो, वांगे वाळले असतीन ना आता?" गोजरबाई कंबरेवर हात दाबून पुढं जाई.

दिवाळीआधी नळी फुटली, जोडली. गाळाला आता वाट नव्हती. रावांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले आणि त्यांचे पाय धुवायला तांब्यातून लाल चिखल पडला. पाहुणे चहा न घेताच उठले.

संध्याकाळी वामनराव स्वतः उतार उतरून आले.

"गोजरबाई, तुहा नळ उद्या जोडून देतो. नळी जोडली का गाळ जाईस्तोवर सोडत जाय. बाकी दिवस कुलूप राहीन, लोकायची तक्रार हाय."

गोजरबाईनं डोक्यावरची घागर खाली ठेवली.

"मालक, तुमचा गाळ काढाले माह्यी मोरी, अन् मले प्याले विहीर. राहू द्या. तुमच्याच अंगणात सोडा तो गाळ."